कंपनाने टाच टेकते, पण किती वेळ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवड्यांवर चालणाऱ्या मुलांना ‘व्हायब्रेशन’ने फरक पडतो का, हा प्रश्न पालक हल्ली वारंवार विचारतात. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो: जिममध्ये असते तशी, पायाखाली थरथरणारी व्हायब्रेशन प्लेट ऑनलाइन मागवून मुलाला घरीच तिच्यावर उभे केले तर चालेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘काही मुलांना, थोड्या वेळापुरता’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असे आहे. दोन्हींची कारणे जरा तपशिलात सांगावी लागतात, कारण या उपचाराची बाजू मांडणारे आणि त्याला थोतांड म्हणणारे दोघेही मशीनचे आकडे क्वचितच सांगतात. आकड्यांवाचून ‘कंपन’ या शब्दाला काही अर्थ नाही.

आधी मुलांविषयी. नुकतेच चालू लागलेले मूल अधूनमधून चवड्यांवर चालते, यात वावगे काही नाही. तीन वर्षांनंतरही ते बराच वेळ तसेच चालत असेल आणि तपासणीत कोणताही आजार सापडला नाही, तर त्याला ‘इडिओपॅथिक टो वॉकिंग’ म्हणतात. म्हणजे कारण न सापडलेले चवड्यांवर चालणे. स्वीडनमध्ये साडेपाच वर्षांच्या १,४३६ मुलांची पाहणी झाली. त्यांतली सुमारे ५ टक्के मुले कधी ना कधी अशी चालत होती किंवा अजूनही चालत होती. त्याच मुलांचा पुढे दहाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा ७९ टक्के मुलांची ही सवय आपोआप सुटलेली आढळली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा आकडा प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक फिजिओथेरपिस्टने भिंतीवर लावावा असा आहे. पाचातली चार मुले काहीही न करता सुधारणार असतील, तर त्या काळात जो कोणी जे काही करील त्याला यश येणारच. तेल, मसाज, बूट, प्लेट, सगळ्यालाच. म्हणून ‘आमच्याकडे इतकी मुले बरी झाली’ हा दाखला इथे अजिबात चालत नाही.

आजार नाही, हे ठरवणे मात्र प्लेटवर चढण्याच्या आधीचे काम आहे आणि ते बालरोगतज्ज्ञाचे किंवा बालमेंदूरोगतज्ज्ञाचे आहे. मूल एकाच पायाने चवड्यावर चालते. आधी नीट टाच टेकवून चालत होते आणि नंतर बिघडले. दीड वर्ष उलटूनही चालू लागले नव्हते. जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकवत उठते. पोटऱ्या जाडजूड, पण ताकद कमी. कमरेखाली मणक्यावर केसांचा पुंजका किंवा खळगा आहे. लघवीवरचा ताबा गेला आहे. घरात कोणाच्या पावलांची कमान खूप उंच आहे. यातले काहीही दिसले तर मांसपेशींचा क्षय, सेरेब्रल पाल्सी, मणक्यात अडकलेला मज्जारज्जू, नसांचा आनुवंशिक आजार या शक्यता तपासायच्या. मुलगा असेल तर रक्तातील सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासणीत हयगय करू नये. ड्यूशेन या मांसपेशींच्या क्षयाच्या आजारात, यकृतासाठी तपासतात ते एसजीओटी आणि एसजीपीटीही वाढलेले असतात. ते स्नायूंतून आलेले असतात, पण ते पाहून यकृताच्या मागे लागण्यात महिने वाया जाऊ शकतात. स्वमग्न मुलांतही चवड्यांवर चालणे अधिक आढळते. त्यांच्याबाबत कंपनाचा विचार वेगळ्या सावधगिरीने करावा लागतो, त्याकडे पुढे येतो.

आता कंपन का चालावे याविषयी. प्रत्येक स्नायूत लांबी मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते, तिला मसल स्पिंडल म्हणतात. ती कंपनाला फार संवेदनशील असते, कारण कंपन म्हणजे तिच्या दृष्टीने भराभर येणारे बारीक बारीक ताण. स्नायूबंधावर सेकंदाला ८० ते १०० वेळा, म्हणजे ८० ते १०० हर्ट्झने, कंपन दिले तर तो स्नायू काही सेकंदांनी हळूहळू आपोआप आकुंचन पावू लागतो. एकलुंड आणि हागबार्थ या स्वीडिश संशोधकांनी १९६६ मध्ये याचे वर्णन केले. त्याच वेळी त्या स्नायूचा झटका देणारा प्रतिक्षेप मात्र मंदावतो, आणि समोरचा विरुद्ध स्नायूही सैल पडतो. त्वचेतले ग्राहक वेगळे. खोलवरचे पॅसिनियन ग्राहक २५० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक जागे होतात, तर वरच्या थरातले माइसनर ग्राहक ५० हर्ट्झच्या खाली. चवड्यांवर चालणाऱ्या मुलांच्या अंगठ्याला इतर मुलांपेक्षा कमी तीव्रतेचे कंपनही जाणवते, असे ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात दिसले. म्हणजे काही मुलांच्या तळव्यातून येणारी माहितीच निराळी असावी आणि टाच टेकणे त्यांना नकोसे होत असावे, असा तर्क आहे. कंपनाने ती माहिती काही काळ बदलते, हा उपचारामागचा विचार. तर्क सुसंगत आहे, पण तो अजून तर्कच आहे.

त्यातून निघणारी एक अडचण जाहिरातींत कधीच नसते. कंपन पोटरीलाच दिले तर वरच्या नियमाप्रमाणे पोटरी आकुंचन पावू शकते, म्हणजे टाच आणखी वर. म्हणून कुठे, किती वेगाने आणि कोणत्या स्थितीत, या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. एकच मशीन एका मुलाची टाच टेकवते आणि दुसऱ्याची उचलते, ते यामुळे.

पुरावा किती, तर थोडका. ऑस्ट्रेलियातील पदचिकित्सक विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मोजक्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्लेटवर थोडा वेळ उभे राहिल्यानंतर लगेच मुलांची चाल सुधारली, पण ती सुधारणा अल्पकालीन होती. मोजणी मिनिटांची होती, महिन्यांची नाही. शीर्षकातच त्यांनी ‘अल्पकालीन’ असे लिहिले आहे, हा त्यांचा प्रामाणिकपणा. २०१९ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या मुलांसाठीच्या सर्व उपचारांचा आढावा घेतला. त्यांच्या निकषांत बसणारे अभ्यास निघाले चार, मुले एकूण १०४, आणि पुराव्याची खात्री ‘अत्यंत कमी’. प्लास्टर, बोटॉक्स (स्नायू सैल करणारे इंजेक्शन) वगैरे जुन्या उपचारांची ही अवस्था, तर कंपनाचे काय सांगावे! सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवर कंपनाचे काम पुष्कळ अधिक झाले आहे. जर्मनीत कोलोन विद्यापीठात त्यासाठी एक स्वतंत्र कार्यक्रमच चालतो. पण ते निष्कर्ष कारण न सापडलेल्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथे स्नायूंची ताकद आणि हाडांची घनता हा मुख्य हेतू असतो.

या विषयाचा एक जुना किस्सा सांगण्यासारखा आहे. पॅरिसचे प्रसिद्ध मेंदूरोगतज्ज्ञ शार्को यांच्या कानावर आले की पार्किन्सनच्या रुग्णांना रेल्वेच्या किंवा घोडागाडीच्या हादऱ्यांनंतर बरे वाटते. त्यांनी १८९२ च्या सुमारास थरथरणारी खुर्ची करवून घेतली आणि रुग्णांना खरेच बरे वाटले. शंभराहून अधिक वर्षांनी, २०१२ मध्ये, अमेरिकेतील संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला. एका गटाला थरथरणारी खुर्ची, दुसऱ्याला तशीच स्थिर खुर्ची. दोन्ही गट सारखेच सुधारले. नुसते शांत बसणे, लक्ष मिळणे, अपेक्षा असणे, यांचा तो परिणाम होता. मुलांच्या बाबतीत तर तुलना न करता काढलेला निष्कर्ष आणखी धोक्याचा, कारण वर सांगितलेले ७९ टक्के तिथे पाठीशी उभेच असतात.

आता मशीन. बाजारात दोन जातींच्या प्लेट मिळतात. एक जात संपूर्ण वर-खाली होते, बहुधा २५ ते ५० हर्ट्झने. दुसरी मध्यावर टेकू असलेल्या सी-सॉसारखी हलते, एकदा डावा पाय वर आणि एकदा उजवा. तिची गती साधारण ५ ते ३० हर्ट्झ. लहान मुलांसाठी दुसरी जात बरी. चालताना पाय आळीपाळीने उचलतात, तशीच ती हलते. शिवाय कंबर डावी-उजवी झुकते, म्हणून हादरा डोक्यापर्यंत कमी पोहोचतो. तिच्यावर पावले मध्यापासून जितकी दूर, तितका हेलकावा मोठा. मूल खेळता खेळता पाय फाकवते आणि नकळत हेलकावा दुप्पट होतो. म्हणून पावलांची जागा रंगीत चिकटपट्टीने आखून घ्यावी आणि केसपेपरवर मध्यापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहावे.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब प्रवेगाचा आहे. तो गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मध्यापासून प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर, म्हणजे एकूण ४ मिलिमीटर हेलकावा धरा. १५ हर्ट्झला प्रवेग सुमारे १.८ g होतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पावणेदोन पट. त्याच हेलकाव्याला ३० हर्ट्झ केले की ७.२ g. गती दुप्पट, हादरा चौपट. ५० हर्ट्झला तो २० g वर जातो. मोठ्या माणसांसाठी बनवलेल्या प्लेटवर ‘थोडे वाढवून बघू’ म्हणत बटण दाबणे किती महाग पडू शकते, ते यावरून कळेल. आणखी एक घोळ नेहमीचा. काही कंपन्या मध्यापासूनचा हेलकावा छापतात, काही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा. ‘४ मिमी’ म्हणजे नेमके काय, हे विचारल्याशिवाय दोन मशीनची तुलना होत नाही.

स्वस्त घरगुती प्लेटवर गती हर्ट्झमध्ये लिहिलेलीच नसते. ‘१ ते ९९ स्पीड’ एवढेच. ६० नंबर म्हणजे ६० हर्ट्झ नव्हे. अशी प्लेट घरात आलीच असेल तर ती मोजता येते. फायफॉक्स हे जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाचे मोफत अ‍ॅप आहे, त्यात प्रवेगाचा वर्णपट दाखवणारा प्रयोग आहे. फोन प्लेटवर दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवावा, सैल ठेवला तर तो स्वतःच उड्या मारतो आणि खोटे आकडे देतो. आलेखात सर्वांत उंच सुळका ज्या हर्ट्झवर येतो ती गती. फोनचा सेन्सर सेकंदाला किती नोंदी घेतो तेही अ‍ॅप दाखवते. १०० नोंदी असतील तर २५ हर्ट्झच्या वरच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये. आलेखाचे माथे कापल्यासारखे सपाट दिसले तर हादरा सेन्सरच्या मर्यादेबाहेर गेला आहे. तो मुलाच्या पायाखालीही नको. या कामासाठी जुना फोन घ्यावा. मोटरसायकलच्या कंपनाने आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिलाच होता.

हेलकावा मोजायला तर फोनही लागत नाही. प्लेटच्या कडेला, पाऊल जिथे ठेवायचे त्या रेषेत, पांढरा कागद चिकटवून त्यावर बारीक काळा ठिपका काढावा. मशीन चालू केल्यावर ठिपक्याची उभी रेघ दिसते. शेजारी धरलेल्या मोजपट्टीवर रेघेची लांबी वाचून त्यातून ठिपक्याची जाडी वजा करावी. हा एकूण हेलकावा, त्याचा अर्धा म्हणजे मध्यापासूनचा. मोजणी मूल उभे असताना करावी. हलक्या बनावटीच्या प्लेटचा हेलकावा वजनानुसार बदलतो, १८ किलोच्या मुलाखाली एक आणि ७० किलोच्या बापाखाली दुसरा.

केंद्रात आम्ही सुचवतो ती पद्धत अशी. मूल अनवाणी किंवा पातळ मोज्यांत. गुडघे २० ते ३० अंश वाकलेले, हात समोरच्या दांड्यावर, नजर समोर. गुडघे ताठ ठेवले की हादरा थेट डोक्यात जातो. दातांवर दात वाजू लागले किंवा मुलाचा आवाज थरथरू लागला तर गुडघे ताठ आहेत किंवा गती जास्त आहे, असे समजावे. सुरुवात १२ हर्ट्झपासून, मध्यापासून १ ते २ मिलिमीटरच्या आत. एक मिनिट चालू, एक मिनिट बंद, असे तीन वेळा. मुलाला जमले तर काही दिवसांनी पाच वेळा, आणि गती १८ ते २० हर्ट्झच्या पुढे नाही. ५ हर्ट्झच्या आसपास माणसाचे धडच आतून डोलू लागते आणि अस्वस्थ वाटते, म्हणून ‘हळू म्हणजे सुरक्षित’ हेही खरे नाही. पोटभर जेवणानंतर तासभर प्लेट नको.

टाच टेकलेली असणे ही या सगळ्यातली गाभ्याची अट आहे आणि तीच सर्वांत जास्त मोडते. मूल चवड्यांवर उभे राहिले की पोटरी आधीच आवळलेली असते. त्यात कंपन मिळाले की ती आणखी आवळते. पाच मिनिटांचा उपचार नेमका उलटा जातो. टाचेखाली कागदाची पट्टी सरकवून बघावी. ती सहज निघाली तर टाच टेकलेली नाही. घोट्याची हालचाल कमी असेल तर मुलाची टाच दाबून खाली आणू नये. टाचेखाली ५ ते १० मिलिमीटरची ईव्हीए (घट्ट फोमची) शीट ठेवून प्लेटच वर आणावी आणि वजन टाचेवर येऊ द्यावे. पुढच्या आठवड्यांत शीट पातळ करत जायची. शीट प्लेटला चिकटवलेली हवी, नाहीतर ती मुलाच्या पायाखालून सरकते. स्पंज किंवा योगा मॅट ठेवू नये, त्यात कंपन विरून जाते आणि पाऊलही डगमगते.

पायाला लाली आणि खाज येणे सामान्य आहे, ती थोड्या वेळात जाते. डोके दुखणे, चक्कर, बधिरपणा, पोटरीत लयबद्ध झटके येणे, यांपैकी काही झाले तर लगेच थांबावे. पोटरीत झटके आले तर मेंदूरोगतज्ज्ञाकडे पुन्हा जावे, कारण ‘आजार नाही’ हा निष्कर्षच तपासावा लागेल. फिट्स येणारी मुले, डोक्यात शंट (मेंदूतले जादा पाणी काढणारी नळी) बसवलेली मुले, नुकतेच हाड मोडलेली किंवा शस्त्रक्रिया झालेली मुले, ताप असलेले किंवा सांधा सुजलेले मूल यांना प्लेटवर उभे करू नये. स्वमग्न मुलांपैकी काहींना हे कंपन अतोनात आवडते, काहींना मशीनचा नुसता आवाजही सोसत नाही. आधी मशीन रिकामे चालू करून दाखवावे, मग हाताचा तळवा, मग बसून पाऊल, आणि कित्येक दिवसांनी उभे राहणे. रडत्या मुलाला धरून उभे करण्यात काही अर्थ नाही, धास्तावलेले मूल चवड्यांवरच जाते.

प्लेटऐवजी छोटे व्हायब्रेटर वापरून स्थानिक कंपन देण्याचीही पद्धत आहे. ते पोटरीवर नव्हे, नडगीच्या बाहेरच्या कडेला असलेल्या, पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूवर द्यावे. ८० ते १०० हर्ट्झ, हेलकावा १ मिलिमीटरच्या आत, आणि मूल त्याच वेळी पाऊल वर ओढण्याचा प्रयत्न करत असले पाहिजे. नडगीच्या हाडावर ठेवू नये, दुखते. घरोघरी आलेली मसाज गन हे काम करत नाही. तिची गती साधारण २० ते ५० ठोके सेकंदाला आणि ठोका १० मिलिमीटरच्या वर, म्हणजे कंपन कमी आणि बुक्के जास्त. ती मुलाच्या पायाला लावू नये.

सत्र संपले की खरे काम सुरू होते. चाल सुधारलेली दिसते ती मिनिटांपुरती, म्हणून ती मिनिटे बाकावर बसून मोजे-बूट घालण्यात घालवली तर सगळे फुकट. मूल प्लेटवरून उतरताच त्याला चालवावे: टाचांवर पाच-सहा मीटर, मग चढणीच्या फळीवर गुडघे सरळ ठेवून, मग सपाटीवर ‘टाच-बोट’ म्हणत. अपार्टमेंटचा रॅम्प यासाठी उत्तम. चढताना पोटरीवर ताण येतो आणि तो पूर्ण वजनासह येतो. असे पंधरा-वीस मिनिटे. कंपन नसतानाही हा भाग करता येतो, आणि आम्हाला वाटते ते असे की बहुतेक फायदा याच भागाचा असावा.

उकिडवे बसण्याविषयी एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘आमचा मुलगा टाचा टेकवून छान उकिडवा बसतो, म्हणजे पोटरी ठीक आहे’ असे पालक म्हणतात, कधी डॉक्टरही म्हणतात. उकिडवे बसताना गुडघा पूर्ण वाकलेला असतो. पोटरीतला वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून सुरू होतो, म्हणून गुडघा वाकताच तो सैल पडतो. तो आखूड झालेला असूनही मूल झकास उकिडवे बसू शकते. उकिडवे बसणे खालच्या स्नायूसाठी चांगला ताण आहे, ते सोडू नये, पण त्यावरून पोटरी मोकळी आहे असे ठरवू नये. तपासणी दोनदा हवी: एकदा गुडघा वाकवून, एकदा सरळ ठेवून. पाऊल वर ढकलताना टाच किंचित आत वळवून धरायची, नाहीतर पाऊल मध्येच वाकते आणि घोटा वाकल्यासारखे वाटते. कोन गोनिओमीटरने मोजायचा. नडगीशी काटकोन म्हणजे शून्य. गुडघा सरळ असताना पाऊल शून्याच्या वर १० अंश येत असेल तर नेहमीच्या चालीपुरती मोकळीक आहे. या मुलांत कंपन करून बघायला हरकत नाही. शून्य ते १० च्या मध्ये असेल तर रोजचा ताण आणि चढणीचे चालणे आधी, कंपन जोडीला. शून्यापर्यंतही येत नसेल तर कंपनाने स्नायू लांब होत नाही. तिथे गुडघ्याखालचे चालते प्लास्टर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलत काही आठवडे, त्यानंतर घोटा काटकोनात धरून ठेवणारा स्प्लिंट, हा मार्ग आहे. प्लास्टरच्या जोडीला बोटॉक्सचे इंजेक्शन दिल्याने वेगळा फायदा झाला नाही, असे स्वीडनमधल्याच एका चाचणीत २०१३ मध्ये दिसले. ते महाग आहे, म्हणून आवर्जून सांगतो. शस्त्रक्रिया थोड्या मुलांना लागते आणि ती फार लवकर करण्याची घाई नसते.

ता. क. म्हणून लिहावे असे काही, पण इथेच लिहितो: बसून ढकलायच्या बेबी वॉकरमध्ये मूल चवड्यांनी जमीन रेटते. कॅनडाने २००४ मध्ये मुख्यतः अपघातांमुळे ते बंदच केले. आपला जुना पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा पुढे ढकलते. मुलाला चालायला मदतच करायची असेल तर तो बरा.

उपचार लागू पडतो आहे की नाही, हे कसे ठरवायचे? मुलाला ‘चालून दाखव’ म्हटले की ते टाच टेकवूनच चालते. सगळ्या परीक्षांत पास, घरी पुन्हा चवड्यांवर. म्हणून मोजणी लक्ष नसताना करावी. आठ मीटरची मोकळी वाट, कॅमेरा बाजूने तीन मीटरवर आणि घोट्याच्या उंचीला, सेकंदाला १२० चित्रांचे स्लो मोशन. हातात पाण्याने भरलेला पेला द्यावा किंवा उलटे आकडे म्हणायला लावावे. पहिली आणि शेवटची दोन-दोन पावले सोडून द्यावी. प्रत्येक पायाच्या २० पावलांत आधी टाच किती वेळा टेकली, पाऊल सपाट किती वेळा आणि आधी चवडा किती वेळा, हे तीन आकडे लिहावेत. आधी दोन आठवडे कंपन न देता फक्त मोजणी. मग चार आठवडे उपचार. मग दोन आठवडे उपचार बंद, मोजणी चालू. चित्रफितींवर तारखा न टाकता त्या तिसऱ्याच कोणाला मोजायला द्याव्यात. बंद केल्यावर आकडा पुन्हा घसरला आणि चालू केल्यावर पुन्हा चढला, तर कंपनाचा परिणाम आहे असे म्हणता येईल. बंद असतानाही चढतच राहिला तर मूल आपणहून सुधारते आहे, पैसे वाचवावेत. चार आठवड्यांत काहीच हलले नाही तर उपचार थांबवावा, गती वाढवू नये.

हे सारे मोठ्या शहरांतल्या खासगी केंद्रांपुरते राहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरलाच झाली. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येतात, आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी विनामूल्य होते. मूल चवड्यांवर चालते हे पथकाला सांगावे, कारण वजन-उंची घेताना मूल स्थिर उभे असते आणि चाल दिसतच नाही. अंगणवाडीसेविकेने मुलाला दारापासून भिंतीपर्यंत दोन फेऱ्या मारायला लावल्या तरी पुरे. घोट्याचा कोन मोजायला प्लास्टिकचा गोनिओमीटर लागतो, प्लेट नाही.

जे केंद्र कंपन देते त्याच्याकडे पालकांनी केसपेपरवर इतके मागावे: गती हर्ट्झमध्ये, हेलकावा मिलिमीटरमध्ये आणि तो मध्यापासूनचा की एकूण, चालू-बंदची मिनिटे, पावलांचे अंतर, गुडघा सरळ ठेवून मोजलेला घोट्याचा कोन, आणि २० पावलांचे तीन आकडे. वीस-तीस सत्रांचे पैसे आगाऊ भरू नयेत. कोन दर महिन्याला पुन्हा मोजून घ्यावा. तो शून्याच्या खाली सरकलेला दिसला तर त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे, कंपनाची उरलेली सत्रे संपण्याची वाट बघू नये.

आपले,
लहान मुलांच्या चालीवर काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट आणि ऑर्थोटिस्ट